शेणावरच्या सूक्ष्म बुरश्या ओळखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचे दोन पाऊस झाले की फोटो यायला सुरुवात होते. शेणावर उभे राहिलेले काचेसारखे दांडे, लेंडीवरचे काळे ठिपके, शेणाच्या पोवरच्या पिवळ्या चकत्या. पाठवणाऱ्यांत बीएस्सीची मुलं असतात, शाळेतले शिक्षक असतात आणि अलीकडे शेळीपालन करणारेही असतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेणावर बुरशी आली म्हणजे शेण खराब झालं का? ती येते कुठून?

खराब झालं नाही. शेण हे या बुरश्यांचं घरच आहे, आणि त्यांतल्या बहुतेक जनावराच्या पोटातूनच तिथे पोचतात. बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं सूक्ष्म बी, गवताच्या पात्याला चिकटलेला असतो. गाय किंवा शेळी ते गवत खाते. जाड भिंतीचा बीजाणू पोटातली ऊब आणि पाचकरस सोसतो, शेणाबरोबर बाहेर पडतो आणि मग रुजतो. कित्येक जातींचे बीजाणू पोटातून गेल्याशिवाय नीट रुजतच नाहीत.

पुढची अडचण अशी की ज्या जागी पो पडला तिथलं हिरवंगार गवतही गाय तोंडात घेत नाही. गुरं राखलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्यामुळे नवा बीजाणू शेणापासून दूर, चरण्याजोग्या गवतावर पडायला हवा. या बुरश्यांची पुष्कळशी वैशिष्ट्यं याच गरजेतून आली आहेत: उजेडाकडे वळणारी मान, दाबाने उडणारे बीजाणू, त्यांच्यावरचा चिकट थर. ओळखताना आपण पाहतो त्या खुणाही बहुतेक याच.

२. आमच्याकडे एक देवणी गाय, एक म्हैस आणि चार शेळ्या आहेत. कोणाचं शेण घ्यावं?

सुरुवात शेळीच्या लेंड्यांपासून करा. लेंडी घट्ट असते, लवकर सडत नाही, माशांच्या अळ्या तिच्यात कमी होतात आणि भिंगाखाली धरायला सोपी जाते. उस्मानाबादी शेळी दिवसभर बांधावर आणि माळावर नाना तऱ्हेचा पाला ओरबाडते, त्यामुळे तिच्या पोटात बीजाणूही नाना तऱ्हेचे जातात. सशाची लेंडी मिळाली तर तिच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

देवणी किंवा लाल कंधारी गाय गायरानात चरत असेल तर तिचं शेणही उत्तम. दावणीला बांधून कडबा, वाढे आणि सरकीची पेंड यांवर असलेल्या जनावराच्या शेणाकडून फार अपेक्षा ठेवू नका. म्हशीचं शेण पातळ असतं, त्यावर आधी जीवाणू आणि अळ्या माजतात. घ्यायचंच तर दोन दिवस सावलीत सुकवून घ्या.

घोड्याची आणि गाढवाची लीद फार सुरेख निघते. आमच्या मराठवाड्यात हल्ली घोडी कमी झाली आहेत, पण माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडे, गाढवं आणि उंट एकाच ठिकाणी सापडतात. मालकाला विचारून कागदी पिशवीत चार गोळे घ्यावेत.

३. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळं वाळून कोळ होतं. पावसाळ्यापर्यंत थांबायचं का?

थांबायची गरज नाही. मराठवाड्यातला कोरडेपणा या कामात उपयोगी पडतो. वाळलेल्या शेणात बीजाणू झोपलेले राहतात. नीट वाळवून कागदी पाकिटात ठेवलेला नमुना काही वर्षांनी ओला केला तरी त्यावर बुरश्या येतात. मे महिन्यात माळावरची वाळकी लेंडी उचला आणि घरी भिजवा. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ओलं शेण बांधून ठेवू नका, दोन दिवसांत घाण सुटते. वाळवायचं ते सावलीत, तापलेल्या पत्र्यावर नाही.

पाकिटावर तीन गोष्टी त्याच वेळी लिहा: जनावर कोणतं, ठिकाण कोणतं, तारीख कोणती. घरी गेल्यावर लिहू म्हणालात की राहतं. माझ्याकडे अशी बिननावाची कितीतरी पाकिटं पडून होती. त्यांतून उगवलेल्या चांगल्या बुरश्यांचाही नोंद म्हणून काही उपयोग झाला नाही.

४. घरी बुरशी उगवायची कशी? सामान काय लागतं?

झाकणाचा पारदर्शक डबा, टिपकागद किंवा साधा टिश्यू पेपर, आणि उकळून गार केलेलं पाणी. डब्याच्या तळाशी कागदाच्या तीन-चार घड्या घाला. कागद ओला करून तिरका केला तर पाणी ओघळू नये, इतकाच ओलावा हवा. त्यावर लेंड्या एकमेकींना न चिकटता मांडा. वाळक्या असतील तर आधी अर्धा तास पाण्यात बुडवून निथळून घ्या. झाकण किंचित तिरकं ठेवा म्हणजे हवा खेळती राहील.

डब्याला उजेड हवा, ऊन नको. २० ते २५ अंश तापमानाला सगळ्यांत जास्त जाती येतात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा डबा पाण्याच्या रांजणाशेजारी, ओल्या पोत्यावर ठेवायचा. तिथे चांगला गारवा मिळतो.

पहिला आठवडा रोज पाहा. नंतर दोन-तीन दिवसांनी पाहिलं तरी चालेल, पण ६ ते ८ आठवडे डबा टाकू नका. लोक दहाव्या दिवशी "आता काही येत नाही" म्हणून उकिरड्यावर टाकतात, आणि सगळ्यांत देखण्या बुरश्या त्यानंतर यायच्या असतात.

५. सूक्ष्मदर्शक नाही. नुसत्या भिंगाने काही ओळखता येईल का?

दहापट भिंगाने गट ओळखता येतो, कधी कधी प्रजातीही (जीनस, म्हणजे नावाचा पहिला शब्द). फुगीर डोक्यावर काळी टोपी घातलेला काचेसारखा दांडा म्हणजे पायलोबोलस. केसाळ काळपट गोळा दिसला तर किटोमियम असण्याची शक्यता मोठी. पिवळसर चकतीवर जांभळे-काळे ठिपके उठले असतील तर ॲस्कोबोलस. लहानशा पेल्यात मसुरीच्या डाळीएवढ्या काळ्या टिकल्या ठेवल्यासारखं दिसलं तर सायाथस. पावसाचा थेंब पेल्यात पडला की त्या टिकल्या बाहेर उडतात. जातीचं नाव (स्पीशीज, म्हणजे दुसरा शब्द) मात्र भिंगाने ठरवू नका. त्यासाठी बीजाणू मोजावेच लागतात (प्रश्न १०).

६. कोणत्या दिवशी काय उगवतं, याचं काही गणित आहे का?

ढोबळ क्रम आहे. पहिल्या तीन ते सात दिवसांत म्यूकर, पायलोबोलस, पायलेरा. एक ते तीन आठवड्यांत चकत्या आणि पेले: ॲस्कोबोलस, सॅकोबोलस, लॅसिओबोलस. त्याच सुमारास आणि नंतर काळ्या कुप्या, म्हणजे ज्यांच्या आत बीजाणू पिकतात ती बारीक घरं: सॉर्डारिया, पोडोस्पोरा, स्पोरोर्मिएला. शेवटी छत्र्या.

हा क्रम का, यावर बरीच वर्षं असं मानलं जाई की एक गट साखर खातो, मग दुसरा सेल्युलोज, मग तिसरा लिग्निन. १९६४ मध्ये हार्पर आणि वेबस्टर या संशोधकांनी दाखवलं की सगळ्या जवळजवळ एकाच वेळी रुजतात, फळायला लागणारा वेळ तेवढा वेगळा असतो. साधा दांडा उभारायला म्यूकरला दोन दिवस पुरतात. छत्री बांधायला पुष्कळ अन्न साठवावं लागतं. अन्नाचा काहीच संबंध नाही असं नव्हे, पण वेळेचा हिशोब मोठा आहे.

ओळखताना याचा उपयोग असा: वहीत "डबा लावल्याचा कितवा दिवस" हे लिहिलं असेल तर निम्म्या चुका टळतात. चौथ्या दिवशी पोडोस्पोरा पिकल्याचं कुणी सांगितलं तर मी आधी विचारतो की शेण किती जुनं होतं. आठवडाभर रानात ओलं पडून राहिलेल्या पोचा क्रम तिथेच सुरू झालेला असतो.

७. डब्याच्या झाकणाला आतून काळे ठिपके चिकटलेत. पुसले तरी जात नाहीत. हे काय?

पायलोबोलसने मारलेल्या गोळ्या. दांड्याच्या टोकाला पाण्याने भरलेला फुगा असतो आणि त्यावर बीजाणूंची काळी टोपी. फुग्यातला दाब वाढत जातो आणि एका क्षणी तो टोपीखाली फुटतो. टोपी पाण्याच्या धारेबरोबर उडते, कधी कधी दोन मीटरपर्यंत. दांडा असतो जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. टोपीच्या बुडाशी चिकट द्रव असतो, म्हणून ती काचेलाही घट्ट बसते.

उडण्याआधी नेम धरला जातो. तो फुगा भिंगासारखा उजेड एकवटतो आणि दांडा उजेडाकडे वाकतो. मुलांना दाखवायचं असेल तर डब्याला काळा कागद गुंडाळा आणि एका बाजूला नाण्याएवढं भोक ठेवा. दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिपके भोकाभोवतीच दिसतील. शाळेत करण्यासारखा यापेक्षा सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

गुरांच्या फुप्फुसातल्या एका जंताच्या अळ्या याच दांड्यावर चढून बसतात आणि टोपीबरोबर उडून चांगल्या गवतावर पोचतात, असं युरोपातल्या पशुवैद्यकीय अभ्यासांत दिसलं आहे.

८. पायलोबोलस, पायलेरा आणि म्यूकर यांत गोंधळ होतो. फरक कसा करायचा?

टोपीच्या खाली पाहा. फुगा असेल तर पायलोबोलस. फुगा नाही, दांडा लांब आणि लवचीक, वर चपटी काळी टोपी, आणि ती उडत नाही तर शेजारच्या वस्तूला टेकून चिकटते: पायलेरा. टोपीच नाही, गोल डोकं आहे, आणि पाण्याचा थेंब लागताच ते फुटून बीजाणू पसरतात: म्यूकर.

फसण्याची वेळ सकाळची. पायलोबोलसचा फुगा रात्रीतून तयार होतो. आदल्या संध्याकाळी पाहिलं तर नुसते पिवळे टोकदार दांडे दिसतात आणि ते काहीही वाटू शकतात. सकाळी पुन्हा पाहा. दुपारपर्यंत टोप्या उडून गेलेल्या असतात.

म्यूकरच्या दांड्यांवर आणखी बारीक, फांद्या फुटलेली बुरशी दिसली तर ती बहुधा पिप्टोसेफॅलिस. ती शेणावर जगत नाही, म्यूकरवर जगते.

९. स्लाइड पाण्यात करायची की लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रावात? कॉलेजात तर निळ्यातच शिकवतात.

आधी पाण्यात. हा आग्रह मी कधीच सोडत नाही. बीजाणूभोवतीचा पारदर्शक चिकट थर, शेपट्या, खरा रंग, हे सगळं जिवंत अवस्थेत पाण्यातच दिसतं. ॲस्कस म्हणजे ज्या पिशवीत बीजाणू तयार होतात ती. तिचं लांब होणं आणि टोकाचं झाकण उघडणंही पाण्यातच पाहायला मिळतं. निळ्या द्रावात गेलं की पेशी मरतात, आकसतात, आणि चिकट थर ओळखू येत नाही. मापंही बदलतात.

सुईच्या टोकाने एकच कुपी उचला, पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप टाका आणि पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच दाबा. पाहून, मोजून, फोटो काढून झाल्यावर कडेने कॉटन ब्लू सोडा. चिकट थर पाहायचा असेल तर पाण्याऐवजी चित्रकलेच्या काळ्या ड्रॉइंग इंकचा पातळ थेंब घ्या: शाई थरात शिरत नाही, बीजाणूभोवती पांढरं वलय उमटतं. चकत्यांसाठी आयोडीनचा थेंबही ठेवा. ॲस्कोबोलसच्या ॲस्कसची भिंत त्यात निळी होते.

१०. मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजायचे कसे? कॅमेऱ्याच्या ॲपवर चालेल का?

नेत्रिकेत (डोळ्याजवळच्या भिंगात) बसवायची मापपट्टी घ्या आणि कॉलेजातल्या प्रमाणित स्लाइडवर ती एकदा जुळवून घ्या. ४० च्या लेन्सखाली तिचा एक भाग साधारण अडीच मायक्रॉन भरतो, पण तुमच्या सूक्ष्मदर्शकावर तो किती हे तुम्हीच काढायचं. ॲपही चालेल, फक्त त्याच लेन्सखाली आधी जुळवलेलं हवं. मोबाइलवर फोटो मोठा करून अंदाजाने सांगितलेल्या मापाला अर्थ नाही.

किमान २० पिकलेले बीजाणू मोजा, आणि शक्यतो ॲस्कसच्या बाहेर पडलेले. लांबी आणि रुंदी दोन्ही. चिकट थर मापात धरू नका. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं माप लिहा, नुसती सरासरी लिहू नका.

११. लेंडीवरच्या काळ्या कुप्या सगळ्या सारख्याच दिसतात. सॉर्डारिया, पोडोस्पोरा, स्पोरोर्मिएला वेगळ्या कशा काढायच्या?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बाहेरून त्या खरंच सारख्या दिसतात: मोहरीपेक्षा बारीक, काळ्या, मान उजेडाकडे वळलेली. फोडून बीजाणू पाहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

सॉर्डारियाचा बीजाणू एकपेशी, गुळगुळीत, गडद तपकिरी, आणि सगळ्या बाजूंनी चिकट थरात गुंडाळलेला. सॉर्डारिया फिमिकोलात आठ बीजाणू एका ओळीत, शेंगेतल्या दाण्यांसारखे बसतात. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात काळ्या आणि फिक्या बीजाणूंचा संकर मोजायला जी बुरशी देतात ती हीच.

पोडोस्पोराच्या बीजाणूला शेपट्या असतात. गडद डोकं, त्याला जोडलेली एक बारीक रंगहीन पेशी, आणि दोन्ही टोकांना चिकट शेपट्या, ज्या त्याला गवताला धरून ठेवतात. पुष्कळ जातींच्या मानेवर केसांचे झुपकेही दिसतात. शेपट्या पाण्यात हळूहळू फुगतात आणि विरतात, म्हणून स्लाइड केल्याबरोबर पाहा. अर्ध्या तासाने पाहिलं आणि "शेपटी नाही, म्हणजे सॉर्डारिया" असं ठरवलं, ही नेहमीची चूक.

स्पोरोर्मिएलाचा बीजाणू आडव्या पडद्यांनी कापलेला, बहुधा चार पेशींचा, आणि प्रत्येक पेशीवर एक फिकी तिरकी चीर. पिकला की पेशी सुट्या होतात. सुटे तुकडे पाहून ते वेगळ्याच बुरशीचे एकपेशी बीजाणू समजू नका, चीर शोधा. स्पोरोर्मिएला मिनिमाचा बीजाणू ३० मायक्रॉनच्या आसपास लांब, तर स्पोरोर्मिएला इंटरमीडियाचा त्याच्या दीडपट किंवा अधिक. इथे मापच निर्णय देतं. दोनच पेशी असतील आणि प्रत्येकीवर चीर असेल तर डेलिट्शिया पाहा.

किटोमियमचं प्रकरण वेगळं. कुपीभर केस आणि बीजाणू लिंबाच्या आकाराचे, पण ॲस्कस सापडतच नाहीत, कारण ते आधीच विरघळून जातात. बीजाणू उडत नाहीत. दाबलेल्या ट्यूबमधून पेस्ट यावी तसे दोरीसारखे बाहेर येतात. ॲस्कस न दिसणं हीच त्याची खूण. तो पाहायचाच असेल तर फार कोवळी कुपी फोडावी लागते.

आणि बीजाणू कच्चे असतील तर काहीही ठरवू नका. पोडोस्पोराचा कच्चा बीजाणू रंगहीन, लांबट, अळीसारखा असतो. तो पुस्तकात शोधलात तर भलत्याच नावावर पोचाल. चार दिवस थांबा.

१२. गायीच्या शेणावर हिरवट-पिवळ्या चकत्या आल्यात, वर जांभळे ठिपके. नाव काय?

ॲस्कोबोलस, बहुधा ॲस्कोबोलस फर्फ्युरेशियस. ते ठिपके म्हणजे पिकून चकतीच्या वर डोकावणारे ॲस्कस. बीजाणू आधी रंगहीन, मग जांभळे, शेवटी तपकिरी होतात, आणि त्यांच्यावर भेगांसारख्या रेषा असतात. रंग भिंतीच्या बाहेरच्या थरात असल्याने दाबल्यावर तो थर तडकून निघतोही. ॲस्कोबोलस इमर्ससमध्ये चकती शेणात बुडालेली असते आणि बीजाणू अवाढव्य, ५० ते ७० मायक्रॉन लांब. रंग तसाच पण चकती फारच बारीक असेल तर पुढच्या उत्तरातला सॅकोबोलस तपासा. नारिंगी चकती आणि कडेने ताठ केस असतील तर चायलिमेनिया किंवा लॅसिओबोलस. त्यांच्या बीजाणूंना जांभळा रंग कधीच येत नाही.

१३. ॲस्कसमध्ये आठ बीजाणू असतात असं शिकवलं. मला चारच दिसतात, एकदा तर एकच दिसला. चुकतंय का?

चुकत नाही. पोडोस्पोरा अँसेरिनात चारच असतात, आणि मधूनच एखाद्या ॲस्कसमध्ये पाच: तीन मोठे, दोन लहान. दुसऱ्या काही पोडोस्पोरांत १६, ३२, ६४, १२८ असे दुपटीने वाढत जातात. थेलेबोलसच्या काही जातींत शेकड्यांनी.

"एकच" दिसला तो बहुधा सॅकोबोलस. त्यात आठही बीजाणू एकमेकांना चिकटून एकच पुडी होते आणि ती पुडीच्या पुडी उडते. फोकस वरखाली करा, आतल्या रेषा दिसतील. संख्या ठरवताना निदान दहा ॲस्कस पाहा. एकात दिसलेली संख्या अर्धे बीजाणू मरून गेल्यामुळेही असू शकते.

१४. लेंडीवर नारिंगी-गुलाबी थेंब आलेत आणि खताच्या ढिगात खडूसारखी पांढरी भुकटी. दोन्ही बुरश्याच ना?

दोन्ही नाहीत. नारिंगी थेंब बहुधा मिक्सोबॅक्टेरिया, म्हणजे एकत्र येऊन गोळे बांधणारे जीवाणू. तंतू शोधा, सापडणार नाहीत. तापलेल्या शेणखताच्या ढिगातली पांढरी भुकटी ॲक्टिनोमायसिटिस, तेही जीवाणूच. त्यांचे तंतू एक मायक्रॉनच्या आसपास, बुरशीच्या तंतूंपेक्षा कितीतरी बारीक असतात. खत बिघडलेलं नाही, ढीग तापून कोरडा पडतोय. पाणी मारून उलथा. ती भुकटी नाकात जाऊ देऊ नका (प्रश्न १८).

बारीक पांढऱ्या दांड्यावर दुधाळ थेंब, तोही एक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, हा डिक्टिओस्टेलियम असू शकतो. सुटे अमीबे एकत्र येऊन तो दांडा उभारतात. म्यूकरसारखा दिसतो, पण दांड्यावर बीजाणुधानीची (बीजाणूंच्या पिशवीची) भिंत नसते.

१५. सगळा डबा हिरव्या बुरशीने भरला. ही पण नोंदवायची का?

ॲस्परजिलस किंवा पेनिसिलियम. भाकरीवर येते तीच मंडळी. ती हवेतून येतात, शेणाशी त्यांचं खास नातं नाही. नोंदवलीत तरी वेगळ्या रकान्यात नोंदवा. बहुधा डब्यात पेंडीचे किंवा न पचलेल्या दाण्यांचे कण असतात. तेवढा तुकडा काढून टाका, झाकण सावकाश उघडा आणि डबा खोलीबाहेर न्या.

१६. फोटो पाठवतो, नाव सांगाल का?

पाच गोष्टी आल्या तर प्रयत्न करता येतो: जनावर, डबा लावल्याचा दिवस, भिंगातून काढलेला फोटो, पाण्यातल्या पिकलेल्या बीजाणूंचा मापासह फोटो, आणि ॲस्कसमधली संख्या. नुसत्या काळ्या ठिपक्याच्या फोटोवरून मी नाव देत नाही. "स्पोरोर्मिएला, जात ठरली नाही" ही पूर्ण आणि उपयोगी नोंद आहे. अंदाजाने दिलेलं जातीचं नाव पुढे यादीत शिरतं, यादीतून प्रबंधात जातं, आणि मग ते काढणं फार अवघड होतं.

१७. एका पुस्तकात कोप्रिनस, दुसऱ्यात कोप्रिनॉप्सिस. बरोबर कोणतं?

जुन्या कोप्रिनसचे (शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्यांच्या प्रजातीचे) २००१ मध्ये डीएनएच्या आधारावर तुकडे झाले: कोप्रिनॉप्सिस, कोप्रिनेलस, पॅरासोला. शेणावरच्या बहुतेक जाती या नव्या नावांखाली गेल्या. स्पोरोर्मिएलाला काही जण प्रेउसियात धरतात, आणि पोडोस्पोराचीही मोठी फेरमांडणी झाली आहे. कोणतं पुस्तक वापरून नाव दिलं ते वहीत लिहून ठेवा म्हणजे नंतर जुळवता येतं.

१८. यातून आजार होतो का? मुलांना करायला द्यावं का?

निरोगी माणसाने नेहमीची काळजी घेऊन करायला हरकत नाही. वाळकं शेण फोडताना मास्क, हातमोजे, आणि नंतर साबणाने हात. पायलोबोलसच्या उघड्या डब्यावर डोळा नेऊ नका. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं.

तीन गोष्टी मात्र टाळाच. पडक्या गढ्या, भुयारं, जुन्या वाड्यांचे माळे इथली वटवाघळांची विष्ठा: तिच्यात हिस्टोप्लाझ्मा ही फुप्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते. कबुतरांची वाळलेली विष्ठा: तिच्यात क्रिप्टोकॉकस ही आजार करणारी बुरशी. आणि अचानक मेलेल्या, नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराच्या आसपासचं काहीही. ती काळपुळी असू शकते आणि तिचे जीवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तिथे पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं, नमुना घ्यायचा नाही.

पालीच्या आणि बेडकाच्या विष्ठेत बॅसिडिओबोलस मिळते. आइडाम या शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये ती बेडकाच्या विष्ठेतूनच वर्णन केली. माणसाच्या कातडीखाली ती क्वचित गाठी करते, म्हणून हाताला जखम असताना हे काम नको.

१९. शेणातली बुरशी जंतांना पकडते असं ऐकलं. आमच्या शेळ्यांना ती देता येईल का?

पकडते, हे खरं. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा तंतूंची चिकट जाळी विणते आणि त्यात अडकलेल्या सूत्रकृमीला आतून खाऊन टाकते. लेंड्यांवर दोन पेशींचे, पेअरच्या आकाराचे रंगहीन बीजाणू झुपक्यांनी उंच दांड्यावर दिसले तर आजूबाजूला जाळी शोधा. वळवळणारा जंत सापळ्यात दिसणं ही विसरण्यासारखी गोष्ट नाही.

जनावरांसाठी वापरतात ती डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स. तिचे जाड भिंतीचे बीजाणू खाद्यातून देतात, ते पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि शेणात निघालेल्या जंतांच्या अळ्या पकडतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत असं उत्पादन विकलं जातं. पण ती पोटातल्या जंतांना मारत नाही, कुरणावरच्या अळ्या कमी करते. डब्यात उगवलेली बुरशी शेळीला चारू नका: तिच्याबरोबर आणखी काय वाढलं आहे हे कळत नाही. जंतांचं औषध पशुवैद्यांना विचारूनच.

२०. पोवर छत्र्या आल्या आहेत. खाता येतात का? मोडल्यावर निळ्या पडतात.

खाऊ नका. सकाळी उगवून दुपारपर्यंत काळ्या शाईत विरघळणाऱ्या कोप्रिनॉप्सिस असतात. निळ्या पडणाऱ्या सायलोसायबी असू शकतात. त्यांतलं सायलोसायबिन मेंदूवर परिणाम करतं, आणि अमली पदार्थांच्या कायद्यात त्या द्रव्यावर बंदी आहे. शेणावरच्या छत्र्या आणि वारुळावरची अळंबी यांत गल्लत करणारे फोन दर पावसाळ्यात येतात. कुणी खाल्ली असेल तर उरलेली छत्री सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.

२१. बुरशी अगारवर (वाढीसाठीच्या जेलीसारख्या माध्यमावर) घेतली की वाढत नाही, किंवा सगळी म्यूकरच होते. काय करावं?

शेणाचा तुकडा अगारवर ठेवू नका. अगारची प्लेट उलटी करून पिकलेल्या कुप्यांच्या वर काही तास धरा. बीजाणू स्वतः उडून स्वच्छ जागी चिकटतात. मग एकेक उचला. म्यूकर उडत नाही, म्हणून मागे राहतो.

ॲस्कोबोलसचे बीजाणू साध्या माध्यमावर रुजत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावाचा थोडा वेळ संपर्क किंवा ३७ अंशांची ऊब दिली तर रुजतात, कारण त्यांना जनावराच्या पोटाची सवय आहे. पायलोबोलसला लोह बांधून ठेवणारे काही पदार्थ लागतात, ते शेणातच असतात. म्हणून त्याच्यासाठी शेणाच्या अर्काचं अगार करा.

२२. रोह्याच्या (नीलगायीच्या) आणि काळविटाच्या लेंड्या गोळा केल्या तर चालतील का? आणि नमुना ठेवायचा कुठे?

गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगाव अशा अभयारण्यांतून वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, लेंडीसुद्धा. १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे लागू आहे. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो आणि शेताच्या कडेला असे ढीग पुष्कळ असतात. सुरुवात आपल्या शेतातल्या ढिगापासून करा. काळवीट आणि शेळी यांच्या लेंड्यांत गल्लत होते. जनावर डोळ्यांनी पाहिलं नसेल तर पाकिटावर प्रश्नचिन्ह टाका.

ओळख पक्की झालेला नमुना लेंडीसकट वाळवून, माहितीच्या चिठ्ठीसह आधी आपल्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात ठेवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे, आणि जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. जात मराठवाड्यात नवी वाटत असेल तर शुद्ध वाढवलेली बुरशी, स्लाइड आणि वाळका नमुना अशा तिन्ही गोष्टी तयार ठेवून मगच त्यांच्याशी पत्रव्यवहार करा.